दोन ‘तो’ आणि एक ‘आम्ही’

मराठी प्रेमकथेला ‘तो’ आणि ‘ती’ ही दोन सर्वनामे इतकी पुरत आली आहेत की कित्येक कथांतील नायक-नायिकांना लेखकांनी नावेसुद्धा दिलेली नाहीत. ‘त्याने तिचा हात धरला’ या वाक्यात कोणी कोणाचा हात धरला याविषयी शंका उरत नाही, कारण पात्रांची ओळख पटवून देण्याचे काम तेथे व्याकरणच परस्पर करून टाकते. प्रेमात पडलेली दोन्ही माणसे पुरुष असली की मात्र ही सोय नाहीशी होते. ‘त्याने त्याचा हात धरला’ हे वाक्य वाचकाला अडखळवते आणि लेखकाला एक तर पुन्हा पुन्हा नावे घ्यावी लागतात, किंवा दोघांपैकी एकाला निवेदक करून दुसऱ्याला ‘तू’ म्हणावे लागते, किंवा दोघांच्या लकबी, बोलणे आणि स्वभाव इतके वेगळे रेखाटावे लागतात की हा ‘तो’ कोणता हे संदर्भावरून आपोआप कळावे. वरवर व्याकरणाची वाटणारी ही अडचण समलिंगी प्रणयकादंबरीच्या गाभ्याशी जाऊन भिडते. कारण अशा कादंबरीतील जोडपे खरे वाटते की नाही, हे शेवटी त्यातील दोन पुरुष खरोखरीच दोन आहेत की एकाच माणसाचे दुःख आणि त्याची सावली आहेत, यावर ठरते.

प्रकार आणि त्याच्या अटी

‘रोमान्स’ हा शब्द मराठीत बराच सैल वापरला जातो, परंतु इंग्रजी ग्रंथव्यवहारात तो एका निश्चित वाङ्मयप्रकाराचे नाव आहे. त्याच्या अटी दोनच आहेत: कथेच्या केंद्रस्थानी प्रेमसंबंधाची वाटचाल असली पाहिजे आणि शेवट समाधानाचा, निदान आशेचा असला पाहिजे. पामेला रेजिस या अमेरिकी अभ्यासिकेने २००३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या प्रकाराचे आठ घटक सांगितले आहेत: प्रेमिकांभोवतीचा समाज, पहिली भेट, अडसर, ओढ, प्रेमाचा उच्चार, सारे संपले असे वाटायला लावणारा ‘जणू मृत्यू’चा क्षण, अडसर दूर करणारा उमज आणि अखेरीस लग्नाचे किंवा सहजीवनाचे वचन. ज्या कादंबरीत हा प्रवास दोन पुरुषांचा असतो तिला समलिंगी प्रणयकादंबरी म्हणता येईल. समलैंगिकता हा ‘विषय’ असलेली कादंबरी तिच्याहून वेगळी असते. तेथे नायकाचे स्वतःला ओळखणे, घरच्यांना सांगणे, समाजाकडून दुखावले जाणे यांना महत्त्व असते आणि प्रियकर हा त्या प्रवासातला एक टप्पा असतो. प्रणयकादंबरीत प्रियकर टप्पा असून चालत नाही, कारण तेथे जोडपे हीच कथावस्तू असते.

हा भेद लक्षात घेतला की मराठीतील परंपरा नेमकी कोठे उभी आहे हे दिसू लागते, आणि त्या परंपरेचा एक धागा अनपेक्षितपणे रत्नागिरी जिल्ह्यात सापडतो.

मुरुडपासून पुण्यापर्यंत

दापोली तालुक्यातील मुरुड येथे १८८२ साली जन्मलेले रघुनाथ धोंडो कर्वे यांनी जुलै १९२७ मध्ये ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केले आणि १९५३ साली स्वतःच्या मृत्यूपर्यंत ते चालवले. संततिनियमन हा त्यांचा मुख्य ध्यास असला, तरी वाचकांच्या कामविषयक प्रश्नांना उघड आणि शास्त्रीय उत्तरे देणे हाही मासिकाचा नित्याचा भाग होता. १९३४ साली मुंबईत त्यांच्यावर अश्लीलतेचा जो खटला चालला त्याच्या मुळाशी अशीच प्रश्नोत्तरे होती. त्यांत समलिंगी संबंधांविषयीच्या शंकाही होत्या आणि कर्व्यांची बाजू मांडण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले होते. कर्वे खटला हरले आणि त्यांना दंडही झाला, परंतु या विषयावर मराठीत प्रश्न विचारता येतो आणि त्याचे उत्तर छापताही येते, एवढे त्यातून सिद्ध झाले. अर्थात ही भाषा वैद्यकाची आणि कायद्याची होती. प्रेमाची भाषा तिच्यातून लगेच निर्माण होणे शक्य नव्हते.

ललित साहित्यात हा विषय ठळकपणे आला तो रंगभूमीवर. विजय तेंडुलकर यांचे ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक १९८१ साली विनय आपटे यांच्या दिग्दर्शनात रंगमंचावर आले आणि त्यात रोहिणी हट्टंगडी यांनी सुमित्रा ऊर्फ मित्रा ही स्त्रीवर प्रेम करणारी नायिका उभी केली. मित्राचे प्रेम जिच्यावर आहे ती नमा तिला धड स्वीकारत नाही आणि धड नाकारतही नाही, शिवाय ही सारी कहाणी प्रेक्षकापर्यंत बापू या तिसऱ्याच माणसाच्या नजरेतून पोहोचते; मित्राची अखेर आत्महत्येत होते. शांता निसळ यांच्या ‘बेघर’ या कादंबरीवरून जब्बार पटेल यांनी केलेल्या ‘उंबरठा’ (१९८२) या चित्रपटातही सुधारगृहातील दोन स्त्रियांचे नाते येते, परंतु ते संस्थेपुढील एक प्रकरण म्हणून. या कलाकृतींचे धाडस मोठे होते. तरीही त्यांत समलिंगी प्रेम दिसते ते एकट्या व्यक्तीच्या कोंडमाऱ्याच्या रूपाने. जोडपे म्हणून जगणाऱ्या दोघी त्यांत नाहीत.

विसाव्या शतकाच्या अखेरीनंतर सूर बदलला. पुण्यातील समपथिक ट्रस्टचे संस्थापक बिंदुमाधव खिरे यांनी ‘पार्टनर’ या कादंबरीत समलिंगी तरुणाच्या आत्मस्वीकाराचा प्रवास साध्या, थेट भाषेत मांडला. वाचनालयात ‘पार्टनर’ मागितल्यावर ग्रंथपालाचा हात आधी व. पु. काळे यांच्या त्याच नावाच्या लोकप्रिय कादंबरीकडे जावा, हा योगायोग बोलका आहे: ‘जोडीदार’ या अर्थाचा हा शब्द मराठी वाचकाच्या मनात आधीच एका तरुण नवरा-बायकोच्या संसाराने व्यापलेला होता आणि खिऱ्यांना तो तेथून मागून घ्यावा लागला.

निळ्या रंगाची कादंबरी

सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्लू’ ही कादंबरी त्यांच्या अगदी तरुण वयातील. मौज प्रकाशन गृहाने ती २००६ साली प्रसिद्ध केली, जेरी पिंटो यांचा इंग्रजी अनुवाद २०१३ साली आला आणि कुंडलकरांनीच दिग्दर्शित केलेला चित्रपट २०२२ साली प्रदर्शित झाला. पुण्यातील जोशी कुटुंबात एक तरुण पेइंग गेस्ट म्हणून राहायला येतो आणि घरातील मुलगा तनय व मुलगी अनुजा असे दोघेही त्याच्या प्रेमात पडतात. कादंबरीचे दोन भाग आहेत. पहिल्यात तनय त्या निघून गेलेल्या तरुणाला ‘तू’ म्हणून उद्देशून बोलतो, तर दुसऱ्यात अनुजा आपली रोजनिशी लिहिते. मराठी क्रियापद प्रथमपुरुषातही लिंग दाखवत असल्याने ‘गेलो’ आणि ‘गेले’ या एका स्वराच्या फरकावर निवेदक बदलतो, आणि तीच माणसे, त्याच वस्तू, तेच प्रसंग दुसऱ्या बाजूने दिसू लागतात. इंग्रजीत हे घडू शकत नाही; तेथे हा बदल निव्वळ आवाजाच्या पोतातून जाणवून द्यावा लागतो.

या कादंबरीतील सर्वांत सूक्ष्म निरीक्षण घराच्या नजरेविषयी आहे. भाडेकरू तरुणाच्या खोलीत घरातली मुलगी वारंवार जाऊ लागली तर मध्यमवर्गीय घर तत्काळ सावध होते, मुलगा गेला तर त्याला चांगला मित्र मिळाला म्हणून निश्चिंत होते. तनयचे प्रेम या निश्चिंतपणाच्या आडोशाला वाढते, आणि तो तरुण अनुजासह निघून गेल्यावर हाच आडोसा त्याच्या दुःखावर उलटतो. पळून गेलेल्या आणि पुढे एकट्याच परत आलेल्या मुलीवर रागावण्यासाठी, तिची काळजी करण्यासाठी घराकडे शब्द आहेत. त्याच माणसासाठी झुरणाऱ्या मुलाचे काही हरवले आहे हे मात्र कोणाच्या गावीही नाही. हे सारे पूर्णपणे पटते. तरीही त्या तरुणाला कादंबरीत नाव नाही, त्याच्या मनात काय चालले होते हे ना तनयला कळते ना अनुजाला, आणि म्हणून वाचकालाही कळत नाही. ही लेखकाची त्रुटी नव्हे, त्याने जाणूनबुजून घेतलेला निर्णय आहे. पण त्या निर्णयामुळे ‘कोबाल्ट ब्लू’ ही विरहाची उत्कृष्ट कादंबरी ठरते, जोडप्याची नव्हे.

रसचर्चेतील एक जुनी अट

विरह आणि जोडपे यांतील हा फरक भारतीय काव्यशास्त्राने फार पूर्वी नोंदवून ठेवला आहे. भरताच्या ‘नाट्यशास्त्रा’पासून वाढत गेलेल्या रसविचारात शृंगाराचा स्थायी भाव रती, ज्याच्याविषयी ती उत्पन्न होते तो आलंबन विभाव, तिला चेतवणारी परिस्थिती हा उद्दीपन विभाव, तिची शरीरावर आणि वागण्यावर उमटणारी खूण म्हणजे अनुभाव, आणि तिच्या सोबतीने येणारे-जाणारे शंका, असूया, लज्जा, चिंता यांसारखे तेहतीस व्यभिचारी भाव. शास्त्रकारांनी स्त्री-पुरुषांची जोडी गृहीत धरली होती हे उघड आहे. परंतु त्यांनी घातलेली एक अट लिंगावर अवलंबून नाही: विश्वनाथाने ‘साहित्यदर्पणा’त अनुभयनिष्ठ रतीला, म्हणजे एकाच बाजूने असलेल्या प्रेमाला, रसाभासात जमा केले आहे. रसाभास म्हणजे रसासारखे भासणारे परंतु पूर्ण रसापर्यंत न पोहोचणारे. दोघेही परस्परांचे आलंबन असतील, दोघांच्याही मनात ओढ असेल आणि ती वाचकाला दोन्हीकडून दिसेल, तेव्हाच शृंगार पूर्ण होतो.

समलिंगी प्रणयकादंबरीला ही अट लावून पाहिली की अनेक पुस्तके कोठे लंगडी पडतात हे ध्यानात येते. बहुतेक वेळा एक नायक संपूर्ण असतो. त्याला बालपण, आई-वडील, भीती, विनोदबुद्धी असे सारे काही मिळालेले असते. दुसरा मात्र देखणा, गूढ, थोडा उर्मट आणि वेळेवर हजर होणारा असतो, त्याला स्वतःचा सकाळचा दिनक्रम नसतो, कर्ज नसते, आजारी आजी नसते. असा दुसरा हा इच्छेचा विषय असतो, तिचा धनी नसतो. याउलट ज्या कादंबऱ्या वाचक पुन्हा पुन्हा हाती घेतात त्यांत दुसऱ्यालाही काही हवे असते, काही गमवायचे असते, आणि त्याचे हवे-नको पहिल्याच्या सोयीचे नसते.

खुंटीवरचे दोन सदरे

परस्परता सांगून पटत नाही, ती अनुभावांतून दाखवावी लागते. ॲनी प्रूल यांची ‘ब्रोकबॅक माउंटन’ ही १९९७ सालची दीर्घकथा या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. एनिस आणि जॅक हे दोन गरीब गुराखी १९६३ च्या उन्हाळ्यात डोंगरावर मेंढ्या राखताना एकमेकांच्या जवळ येतात आणि पुढे दोघांची लग्ने झाल्यावरही वर्षानुवर्षे चोरून भेटत राहतात. निवेदन मुख्यत्वे अबोल एनिसच्या बाजूने चालते. जॅकच्या मृत्यूनंतर एनिस त्याच्या आई-वडिलांच्या घरी जातो तेव्हा जॅकच्या खोलीत त्याला जॅकचा जुना सदरा सापडतो, आणि त्या सदऱ्याच्या आत, बाहीत बाही घालून, त्याचा स्वतःचा, कधीचा हरवला असे वाटलेला सदरा जपून ठेवलेला दिसतो. या एका वस्तूने जॅक कथेचा दुसरा नायक ठरतो, कारण एनिसच्या नजरेबाहेरही जॅकचे प्रेम इतकी वर्षे चालू होते हे तिच्यातून वाचकाला दिसते.

पटणाऱ्या जोडप्याचे पहिले लक्षण म्हणून असे विशिष्ट पाहणे सांगता येईल. पिळदार दंड, दाट पापण्या, रुंद छाती ही वर्णने कोणत्याही नायकाला चिकटवता येतात आणि म्हणूनच ती कोणाचीच राहत नाहीत. एकाने चहा बशीत ओतून पिणे, हिशेब करताना ओठ हलवणे, आईचा फोन आला की आवाज अर्ध्या पट्टीने खाली आणणे, हे दुसऱ्याने टिपले की ओढीला पत्ता मिळतो. या प्रकाराच्या वाचकांत ‘स्लो बर्न’ नावाची एक लाडकी संज्ञा आहे. मराठीत तिला मंद आचेवरचे प्रेम म्हणता येईल. तिचे आकर्षण निव्वळ ताणलेल्या उत्कंठेत नसते. मंद आचेमुळे दोघांना एकमेकांकडे पाहण्यासाठी पुरेशी पाने मिळतात. ॲलिस ओसमन यांच्या ‘हार्टस्टॉपर’ या चित्रकथेत चार्ली आणि निक या शाळकरी मुलांचे ‘हाय’ म्हणणे वारंवार येते. तो एकच शब्द दर वेळी निराळ्या वजनाने येतो आणि नाते किती पुढे सरकले हे त्यावरून मोजता येते.

अडसर कोठे आहे

प्रेमकथेला अडसर लागतो आणि समलिंगी प्रेमकथेला तो आयता मिळतो, हीच लेखकाची मोठी फसगत असते. १८६० च्या भारतीय दंडसंहितेतील कलम ३७७ ने असे संबंध गुन्हा ठरवले. दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी प्रौढांच्या संमतीच्या संबंधांना त्यातून वगळले, सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१३ रोजी तो निर्णय फिरवला आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी घटनापीठाने पुन्हा, या वेळी अखेरचे, गुन्हेगारीचे ओझे काढून टाकले. त्यामुळे २००५ मधील जोडपे, २०१२ मधील जोडपे आणि २०२० मधील जोडपे ही तीन वेगळ्या भीतींत वावरणारी जोडपी असतात, आणि ज्या कादंबरीत पात्रांची भीती तारखेशी जुळत नाही तिच्यावरचा विश्वास उडतो.

तथापि केवळ कायदा आणि समाज यांना अडसर केले की दोघे प्रेमिक एका बाजूला आणि सारे जग दुसऱ्या बाजूला अशी विभागणी होते, दोघांमध्ये काहीच घडत नाही. पटणाऱ्या कादंबरीत बाहेरचा अडसर दोघांच्या स्वभावांतून वेगवेगळा वाकून आत येतो: एकाला लपवण्याची इतकी सवय झालेली असते की मोकळे होण्याची संधी आली तरी तो लपवतच राहतो, दुसऱ्याला त्या लपवण्यात आपला अपमान दिसतो, आणि दोघांचेही बरोबर असते. मराठी समाजात तर अडसराची जागाच निराळी आहे. दोन मित्रांनी खांद्यावर हात टाकून बाजारातून जाणे, एका खोलीत राहणे, एका मोटारसायकलवर गणपतीला गावी जाणे यात कोणालाही वावगे दिसत नाही. मित्र, सखा, जिवलग, दोस्त असे कितीतरी शब्द त्या नात्यावर पांघरूण घालायला तयार असतात. येथे भेटण्याला अडथळा नाही, भेटीला नाव देण्याला आहे. पाश्चात्त्य साच्यातील लपूनछपून होणाऱ्या भेटी जशाच्या तशा मराठीत आणणारा लेखक ही खास इथली परिस्थिती गमावून बसतो.

अहो, अगं, अरे

जोडप्यातील सत्तेचा तोल हा आणखी एक कसोटीचा मुद्दा आहे. जपानमध्ये १९७० च्या दशकात मुलींसाठीच्या चित्रकथांतून तरुण पुरुषांच्या प्रेमाच्या कहाण्या बहरल्या, १९७८ साली ‘जून’ हे त्यांना वाहिलेले मासिक निघाले आणि पुढे ‘बॉईज लव्ह’ या नावाने हा प्रकार आशियाभर पसरला. त्यात पुढाकार घेणारा तो ‘सेमे’ आणि स्वीकारणारा तो ‘उके’ अशी भूमिकांची वाटणी रूढ झाली. पहिला उंच, धीट, रक्षणकर्ता, दुसरा नाजूक, लाजरा, रडवेला. साचा म्हणून हे वाचनीय असू शकते, परंतु त्यामुळे नवरा-बायकोची जुनी उतरंडच पुरुषवेशात परत येते आणि चोखंदळ वाचकाला ते खटकते.

मराठी भाषेने या बाबतीत लेखकाला एक देणगी दिली आहे. परंपरेने बायको नवऱ्याला ‘अहो’ म्हणते आणि नवरा तिला ‘अगं’ म्हणतो. संबोधनातच पायरी ठरलेली असते. दोन पुरुष मात्र सहसा ‘अरे’वर समपातळीत उभे असतात. वयात किंवा हुद्द्यात अंतर असेल तर आरंभी ‘सर’, ‘दादा’, ‘तुम्ही’ येते, आणि ‘तुम्ही’वरून ‘तू’वर येण्याचा क्षण हा मराठीत स्वतंत्र प्रसंग होऊ शकतो, कधी तो चुकून घडतो, कधी भांडणात, कधी चारचौघांत पुन्हा ‘तुम्ही’ म्हणावे लागल्याने त्याची किंमत कळते. शारीरिक जवळिकीच्या वर्णनालाही हाच न्याय लागतो. ती निव्वळ क्रियांची यादी झाली की पाने उलटली जातात. कोण थांबला, कोणी विचारले, कोणाला हसू आले हे त्यात दिसले की ते दोघांमधले बोलणे ठरते आणि पात्रांविषयी काही नवे सांगून जाते.

शेवट गोड असावा का

इ. एम. फॉर्स्टर हा इंग्रज कादंबरीकार १९१२-१३ मध्ये प्रथम भारतात आला आणि १९२१ साली देवास थोरली पाती या मराठा संस्थानच्या महाराजांचा खाजगी सचिव म्हणून काही महिने राहिला. या दोन मुक्कामांच्या मधल्या काळात, १९१३-१४ मध्ये, त्याने ‘मॉरिस’ ही कादंबरी लिहिली आणि ती प्रसिद्ध झाली त्याच्या मृत्यूनंतर १९७१ साली. ती दडवून ठेवण्याचे कारण तिच्यातला सुखान्त होता. नायकांपैकी एक गळफास घेऊन मेला असता तर प्रकाशन सोपे झाले असते, असा फॉर्स्टरचा कयास होता, आणि तरीही दोन पुरुषांनी निदान कथेत तरी एकत्र राहावे असा त्याचा आग्रह होता. या आग्रहाचे महत्त्व वादातीत आहे. मात्र मॉरिस ज्याच्यासोबत शेवटी जातो तो ॲलेक हा बंगल्याच्या शिकारखात्यातील नोकर कथेत बराच उशिरा येतो, आणि त्याच्याशी ओळख होण्यापूर्वीच वाचकाला त्याच्यावर विश्वास ठेवावा लागतो. त्यामुळे सुखान्त हवासा वाटतो, पण पुरता कमावलेला वाटत नाही.

भारतीय लेखकापुढे याहून वेगळी अडचण आहे. रेजिस यांच्या यादीतील शेवटचा घटक म्हणजे लग्नाचे वचन. सर्वोच्च न्यायालयाने १७ ऑक्टोबर २०२३ रोजी समलिंगी विवाहाला कायदेशीर मान्यता देण्यास नकार दिल्याने तो इथे सरळ उपलब्ध नाही. म्हणून शेवटी काय ठेवायचे हे शोधावे लागते: भाडेकरारावर दोघांची नावे, विम्याच्या अर्जातील वारसाचा रकाना, रुग्णालयात सही कोण करणार हा प्रश्न, किंवा शिमग्याला गावी आलेल्या चाकरमान्याच्या सोबत्याचे पान न विचारता मांडणारी आई. अशा लहान गोष्टींवर उभा असलेला आशेचा शेवट राजवाड्यातल्या लग्नापेक्षा अधिक टिकतो.

लिहिणारे आणि वाचणारे

अशा कादंबऱ्या कोण वाचते, या प्रश्नाचे उत्तर अनेकांना चकित करते. जपानी चित्रकथांप्रमाणे इंग्रजीतील या प्रकारातही लेखक आणि वाचक यांत स्त्रियांचे प्रमाण मोठे आहे. स्त्रीवर लादलेल्या अपेक्षा ज्या प्रेमात नाहीत असे प्रेम वाचण्याची मुभा त्यांना यात मिळते, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. बाहेरच्याने लिहिलेले खरे असू शकते का, हा वाद त्यातूनच उद्भवतो. त्याचे उत्तर निरीक्षणात आहे. आतल्या माणसाला तपशील फुकट मिळतात आणि बाहेरच्याला ते कष्टाने मिळवावे लागतात, पण आतल्यानेही दुसऱ्या नायकाला पोकळ ठेवले तर जोडपे उभे राहत नाही.

रत्नागिरीसारख्या शहरात वाचनाची जागाही बदलली आहे. १८२८ साली स्थापन झालेले येथील नगर वाचनालय महाराष्ट्रातील सर्वांत जुन्या वाचनालयांपैकी एक आहे, आणि वाचनालय म्हटले की कुटुंबाची वर्गणी, पुस्तकाची नोंद, पुस्तक घरी आल्यावर सासूपासून मुलापर्यंत सर्वांनी चाळणे हे ओघाने येते. ज्या पुस्तकाचे मुखपृष्ठच बोलते ते या वाटेने सहज घरी येत नाही. मोबाइलवरील पुस्तकाला मुखपृष्ठ दिसत नाही, नोंद नसते. त्यामुळे आठवडा बाजाराच्या गावातील तरुणही केसी मॅक्विस्टन यांची ‘रेड, व्हाइट ॲण्ड रॉयल ब्लू’ (२०१९) ही अमेरिकी राष्ट्राध्यक्षांचा मुलगा आणि इंग्लंडचा राजपुत्र यांची कहाणी वाचू शकतो. त्याला ती आवडतेही. फक्त राजवाड्यातील त्या दोघांना खोली मिळण्याची चिंता कधी नसते, हे तो जाणून असतो.

आपण आणि आम्ही

स्थानिक मातीतून पटणारे जोडपे कसे उभे राहते याचा दाखला कर्व्यांच्याच दापोली तालुक्यात आहे. मुर्डीला जन्मलेले श्री. ना. पेंडसे यांच्या ‘गारंबीचा बापू’ (१९५२) मधील बापू आणि राधा हे स्त्री-पुरुष आहेत, परंतु गावाने त्यांचे नाते मान्य केलेले नाही. तरीही ते पटतात, कारण चहाचे हॉटेल चालवणारी राधा ही बापूच्या बंडखोरीचे निमित्त नाही. तिला स्वतःचा भूतकाळ, स्वतःची जिद्द आणि स्वतःचे नकार आहेत, आणि गारंबी हे गाव त्या दोघांइतकेच जिवंत आहे. मराठी समलिंगी प्रणयकादंबरीला परदेशी साचा उसना घेण्याची गरज नाही. या दोन गोष्टी, म्हणजे दुसऱ्याचे पूर्णत्व आणि दोघांना सामावणारे किंवा नाकारणारे खरे गाव, तिला घरातच शिकता येतात.

आरंभी सर्वनामांची अडचण सांगितली. त्या अडचणीची भरपाईही मराठी सर्वनामांनीच करून ठेवली आहे. इंग्रजीत ‘वुई’ हा एकच शब्द आहे, मराठीत त्याचे दोन होतात: ऐकणाऱ्याला सामावून घेणारे ‘आपण’ आणि त्याला बाहेर ठेवणारे ‘आम्ही’. दोन प्रेमिक एकमेकांशी बोलताना ‘आपण’ म्हणतात आणि त्यासाठी बंद खोली पुरते. ‘आम्ही’ म्हणायला मात्र समोर तिसरे माणूस लागते. घरमालक, बहीण, डॉक्टर, वडील, कोणीतरी. ‘कोबाल्ट ब्लू’मधील तनयची सारी व्यथा ‘मी’ आणि ‘तू’ यांच्यात घडते, कारण त्याच्या घरात त्याचे ‘आम्ही’ ऐकायला कोणीच नसते. ज्या कादंबरीत दोघांपैकी एक जण उंबऱ्यावर उभा राहून, आवाज न चढवता, ‘आम्ही उद्याच्या गाडीने जातोय’ असे आईला सांगेल आणि ती डब्यात किती जणांचे द्यायचे असे विचारेल, त्या कादंबरीत प्रेमाची वेगळी ग्वाही देण्याची गरज पडणार नाही.